तिरडीबाहेर आलेली वीत

दुपारी गावाहून परत आलो, पण अंगावरचा काटा जात नाही. म्हणून इथे लिहितोय.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहणारे माझे काका, आबा, काल वारले. आज त्यांना धुळ्याजवळच्या आमच्या गावी आणायचं होतं. गाडी यायच्या आत तिरडी बांधून ठेवायची, म्हणून भाऊबंदांनी नानांना बांबूशेजारी उभं केलं. नाना म्हणजे आबांचे जुळे भाऊ, चेहरा अगदी हुबेहूब. आबा गावी क्वचितच यायचे.

"जुळा भाऊ शे, माप तेच राही," एक जण म्हणाला. नाना उभे राहिले आणि जिवंत माणसाच्या मापाने बांबू तोडले गेले.

गाडी आली. आबांना तिरडीवर ठेवलं, तर पाय वीतभर बाहेर!

दुष्काळात त्यांच्या मावशीने जुळ्यांपैकी तान्ह्या आबांना दीपनगरच्या कॉलनीत नेलं होतं. तिथे दूध, डाळ, नळाचं पाणी. नाना इथेच कण्या खात, हगवणीतून वाचत वाढले.

नानांनी बाहेर आलेल्या पायांशी वीत लावली. "इतला मी कोठे राही गऊ?" एवढा मी कुठे राहून गेलो, म्हणे.

अमक्या मुलखातली माणसं रक्तानेच उंच, असं आपण सहज म्हणतो. इथे रक्त एकच होतं.

नवे बांबू आणले. नानांच्या मापाचे बांबू मी निघालो तेव्हाही ओट्याला टेकून उभे होते. कोणी हात लावेना. तुम्ही लावला असता?