जिलबीचा कागद

बँक, गॅस, मोबाइल, सगळं आधारला जोडायचे ते दिवस अजून आठवतात. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात तेव्हा एक बाई आठवडाभर बाकावर बसून टिपणं काढायची. लोकांची खासगी माहिती कुठून कुठं जाते, यावर कंपन्यांना सल्ला देणारी तिची दिल्लीची संस्था होती. ती कुणाचं नाव विचारत नसे. कुणी घरचं बोलू लागलं की पेनाला टोपण लावायची. बऱ्हाणपुरात अशा माणसाला आजारी समजतात. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र दोन दिवसांत तिला माझ्या बीपीपासून सासुरवाडीपर्यंत सगळं सांगून बसलो.

एकच सांगितलं नव्हतं. बहीण नवऱ्याला सोडून माहेरी आली होती, आणि गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्याच कोर्टाच्या कागदांच्या प्रती काढायला मी गेलो होतो.

"तिरपी निघाली भैया, दुसरी काढतो," म्हणत दुकानदारानं एक प्रत रद्दीत टाकली.

बाईनं ती उचलली, अक्षरं आत राहतील अशी घडी घातली आणि मला दिली.

"मी वाचलं नाही, भाऊ. पण शेजारचा हलवाई या रद्दीतच जिलबी बांधतो."

"इथं कोण वाचतं हो," मी हसलो, आणि मावा जिलबी घेऊन घरी आलो.

पुडी सोडली तर आतला कागद कुणाच्यातरी रक्ततपासणीचा. उभ्या उभ्या मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. माणूस ओळखीचं निघालं.

"कोणाचं आहे रे, दादा?" बहिणीनं विचारलं.

मी अक्षरं आत घेऊन घडी घातली.

"मी वाचलं नाही," म्हटलं.