टाचणीनं गाळलेला परिच्छेद

तिला टाचणी हे नाव मी ठेवलं. चांगल्या मनानं ठेवलं असं सांगून उपयोग नाही, कारण पुढचं ऐकलंत की तुम्हाला कळेलच. आठवड्याभरात सगळं ऑफिस तिला टाचणी म्हणायला लागलं, आणि असं लाडानं की जणू तिच्या आत्यानंच बारशाला ठेवलंय. मला दादा म्हणतात. पंधरा वर्षांत मला कुणी लाडाचं नाव ठेवलं नाही.

आमचं काम काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सासुरवाडीला मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो असंच अजून समजतात. आमची एक प्रोग्रामिंगची भाषा आहे. ती वापरणारा माणूस कुठं अडला की तिथल्या तिथं 'मदत' असं लिहितो, पुढं ज्या फंक्शनवर अडलाय त्याचं नाव लिहितो, आणि समोर एक पान उघडतं. हे फंक्शन काय करतं, त्याला काय द्यायचं, ते परत काय देतं, एखादं उदाहरण. ही मदतपानं भाषेच्या पोटातच असतात. एकूण अकराशे. त्यातली सहाशेवर मी लिहिलेली. पानाखाली नाव नसतं कुणाचं, पण मला माझं वाक्य लांबूनही ओळखू येतं.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी ठरवलं की सगळी पानं नव्यानं तपासून, सुधारून काढायची. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. कमी बोलतात आणि दार उघडं ठेवतात. या कामाला त्यांनी फोनवरून टाचणीला आणलं. फोनवरून म्हणजे आमच्याच खालच्या मजल्यावरून, जिथं लोक 'अडलंय हो' म्हणून फोन करतात. तिथं तिनं नऊ वर्षं काढली होती. नऊ वर्षं उजव्या कानाला हेडफोन, आणि त्या कानात आता दिवसभर भुंगा फिरतो म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फोन सोडा, नाहीतर हा कान जाईल. घरी आई, मिळवणारी ही एकटी. तेव्हा नोकरी सोडणं शक्य नव्हतं. बाईंनी तिला एका वर्षाच्या बोलीवर वर घेतलं: नवी आवृत्ती नीट निघाली तर कायम, नाहीतर परत खाली. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी तिला माझ्यासमोरचं टेबल दिलं. बारीक, सावळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ऐकताना डावा कान पुढं करायची, त्यामुळं समोरच्याला वाटायचं की आपण फार महत्त्वाचं बोलतोय. मी मनात म्हटलं, चला, हिला शिकवावं लागणार. उलटंच झालं. आठवड्याभरात तिनं माझं एक पान छापून घेतलं आणि खाली रिसेप्शनवरच्या मावशींना वाचायला दिलं. मावशींना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. टाचणी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांचं बोट बघत होती. ओळीवरून सरकणारं बोट जिथं थांबलं तिथं तिनं कागदाला एक टाचणी टोचली. माझं ते एक पान वर आलं तेव्हा त्याला चौदा टाचण्या होत्या. चौदा! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आली बघा टाचणी." सगळे हसले, तीसुद्धा हसली, आणि नाव चिकटलं.

मग सुरू झालं ते रोजचं. तिनं सुधारलेलं पान निम्म्यानं लहान व्हायचं. मी जिथं 'प्रस्तुत फंक्शनचा विनियोग' लिहिलं होतं तिथं ती 'हे कधी वापरायचं' लिहायची. नवी पानं चाचणीसाठी काही लोकांना आधी वापरायला देतात, आणि पानाखाली दोन बटणं असतात, 'उपयोग झाला' आणि 'नाही झाला'. हे आकडे सगळ्यांना दिसतात. मी रोज सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आधी तिचे आकडे बघायचो. माझ्या पानाला शंभरातले चाळीस, तिच्या पानाला ऐंशी. एकदा पंच्याऐंशी झाले तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोललो नाही आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं नव्हतं दुखत, पोटात दुखत होतं.

बरं, टाचणी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्याकडं येऊन विचारायची, दादा, हे असं का लिहिलंय, तुम्हाला जुनं सगळं ठाऊक. मी फणकाऱ्यानं उत्तर द्यायचो. ती वहीत लिहून घ्यायची आणि थँक्यू म्हणायची. अशा माणसाचं करायचं काय?

घरी तरी सुख असावं ना. माझी मुलगी संख्याशास्त्र शिकते, तिला आमचीच भाषा वापरावी लागते, आणि तिच्या कॉलेजला चाचणीची पानं मिळाली होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्याकडं कुणीतरी चांगलं माणूस आलंय वाटतं. पूर्वीची पानं वाचताना परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. आता कुणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं." बायकोला ठसका लागला. तो खरा ठसका होता की हसू, ते मी अजून विचारलेलं नाही. मी नुसतं 'हं' म्हटलं आणि हात धुवायला उठलो. पोटची पोर, आणि तिनंही टाचणीच टोचावी.

दुसऱ्याच दिवशी ते पान माझ्याकडं तपासायला आलं.

आमच्याकडं पद्धत अशी की एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. तपासणाऱ्यानं 'तपासलं' अशी खूण केल्याशिवाय पान बाहेर जात नाही. उदाहरणं मशीन रोज चालवून बघतं, उत्तर जुळलं तर हिरवं. पण वाक्य खरं की खोटं ते मशीनला कळत नाही, त्याला माणूस लागतो. टाचणीच्या पानांना तो माणूस मी.

पान होतं तक्त्यातल्या रिकाम्या ओळी गाळणाऱ्या फंक्शनचं. आमच्या भाषेत बाकी सगळी फंक्शनं तुमच्या तक्त्याला हात लावत नाहीत, त्याची नवी प्रत करून देतात. हे एकच फंक्शन आडमुठं. हे मूळ तक्त्यातच काटछाट करतं. का करतं त्याची जुनी कहाणी आहे, आणि ती मी माझ्या पानावर नऊ ओळींच्या एका परिच्छेदात भरली होती. त्यात सातव्या ओळीत, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, खरं महत्त्वाचं वाक्य होतं: मूळ तक्ता बदलतो, हवा असेल तर आधी प्रत ठेवा. टाचणीनं परिच्छेदच उडवला होता. पान कसं सुटसुटीत झालं होतं. दोन उदाहरणं, दोन्ही हिरवी.

तिला हे कळणार कसं? फोनवर हा प्रश्न कधी आला नव्हता. ज्याचा तक्ता जातो त्याला तो गेलाय हेच कित्येक दिवस कळत नाही, मग फोन कुठला करणार?

मला मात्र पहिल्या नजरेत दिसलं. मी त्या जागी टीप लिहायला घेतली. 'हे वाक्य ठेव. मूळ तक्ता जातो.' लिहून झालं. मग मी त्या टिपेकडं बघत बसलो. वाटलं, हे सांगितलं की ती येणार, थँक्यू दादा म्हणणार, एका ओळीत ते वाक्य सुरेख बसवणार, आणि पान नव्वदवर जाणार. माझ्या माहितीवर नव्वद! मी टीप पुसली. 'तपासलं' अशी खूण केली. आणि जाऊन चहा घेतला. चहा गार होता तरी पूर्ण प्यायलो.

खोटं नाही बोलत, तेव्हा मला फार मोठं काही करतोय असं वाटलं नव्हतं. एखादी तक्रार येईल, बाई तिला बोलतील, तिचा तोरा जरा उतरेल, एवढंच. तिला तोरा नव्हताच, ही गोष्ट वेगळी.

आवृत्ती निघाली. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेतल्या मुलीचं. दोन हंगाम तिनं एकेक रोप मोजून तक्ता भरला होता. जी रोपं उगवलीच नाहीत त्यांच्या ओळी रिकाम्या होत्या, आणि तिला पुढं नेमक्या त्याच मोजायच्या होत्या. तिनं जरा बघण्यासाठी म्हणून ओळी गाळल्या आणि त्याच फाइलवर काम सेव्ह केलं. मूळ तक्ता गेला. तिनं शिव्या दिल्या नव्हत्या. लिहिलं होतं की मी मदतपान वाचूनच केलं, त्यात असं काही म्हटलेलं नव्हतं, पुढच्या कुणाचं तरी वाचावं म्हणून कळवते.

दोन दिवसांनी बाईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. पत्र टेबलावर होतं. बाईंनी विचारलं, हे वाक्य कुणी काढलं?

टाचणी म्हणाली, "मी काढलं. परिच्छेद लांब वाटला. त्यात काय आहे ते मला नीट कळलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

बाई माझ्याकडं वळल्या. तुमच्या नजरेतून कसं सुटलं म्हणाल्या. मी म्हटलं नजरचूक झाली, पानं फार होती. हे बोलताना मी पत्राकडं बघत होतो. टाचणीनं डावा कान माझ्याकडं केला होता, नेहमीसारखा, नीट ऐकू यावं म्हणून.

पंधरा वर्षांत माझी एक नजरचूक, ती माफ झाली. तिचं वर्ष भरत आलं होतं. बाईंना वाईट वाटत होतं, पण वरून विचारणा झाली होती, आणि बोली म्हणजे बोली. महिनाअखेरीला टाचणी खाली गेली. जाताना पुढच्या आवृत्तीसाठी राहिलेलं पंचाहत्तर पानांचं काम माझ्या टेबलावर नीट लावून ठेवून गेली. त्या आवृत्तीवर शेवटचा हात आता माझा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बरं झालं, आता तरी रात्री दात खात झोपू नका. मुलगी म्हणाली, आणि ती चांगलं लिहिणारी? मी म्हटलं, बदली झाली.

पुढच्या आठवड्यात मी खाली गेलो. सांत्वन करायला गेलो असं मी स्वतःला सांगितलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर होती. मी म्हटलं, वाईट झालं गं, मी बाईंशी बोलून बघतो, नशीब एकेकाचं. बराच वेळ असलं काहीबाही बोलत राहिलो. तिनं हेडफोन गळ्यात उतरवला.

"दादा, तपासताना पुसलेली टीप जात नाही," ती म्हणाली. "पान लिहिणाऱ्याला जुन्या नोंदी उघडल्या की ती दिसते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात."

मला नव्हतं शिकवलं. पानं तपासायची नवी व्यवस्था आली तेव्हाच्या वर्गाला मी गेलोच नव्हतो, मला काय शिकवणार म्हणून.

कधी पाहिलंस, एवढंच विचारता आलं. पत्र आलं त्याच दिवशी, ती म्हणाली. म्हणजे बाईंसमोर बसली होती तेव्हा तिला माहीत होतं. मी नजरचूक म्हटलं तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"वाक्य मी काढलं होतं, ते मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगायचं होतं."

रागानं नाही म्हणाली. फोन लागलेल्या माणसाला पत्ता सांगावा तसं म्हणाली. तेवढ्यात समोरचा दिवा लागला. तिनं हेडफोन उचलला, उजव्या कानाकडं नेला, थांबली, आणि डाव्या कानाला लावला. "बोला, कुठं अडलंय?" म्हणाली, आणि पलीकडच्या माणसाचं बोलणं शांतपणे ऐकत राहिली. माझ्याकडं परत बघितलं नाही.

मी जिना चढून वर आलो. बाईंचं दार उघडंच होतं. त्यांनी मान वर करून विचारलं, काही हवंय का. मी काही नाही म्हटलं आणि जागेवर जाऊन बसलो. आणि काय सांगू, मला तेव्हाही तिचा हेवाच वाटत होता.