हळदीच्या गाण्यातला मल्हारी

रंगनाथ फोटोग्राफर माणूस वाईट नव्हता. पण इंदिरानगरच्या यशोदाबाईंची नवी सून लग्नानंतर आठवड्याच्या आत माहेरी धाडली जाणार होती, ती त्याच्यामुळेच. नाशिकरोडला हे त्याच्या तोंडावर कुणी बोलत नाही. तोंडामागे बोलायला मी आहेच.

रंगनाथचा स्वभाव भारी संशयी. डार्करूममध्ये असला की आतून कडी, बाहेर पडला की दोन कुलपं. समोरचा फोटोवाला दुकानाच्या काचेत बघून भांग पाडतो तो आपली लायटिंग चोरायलाच, अशी त्याची खात्री. त्या माणसाला टक्कल आहे, हे मी दाखवून दिलं. तर म्हणतो, “मग खिशात कंगवा कशाला ठेवतो?”

ऐंशीच्या आगेमागे त्यानं नवा खेळ काढला. लग्नाच्या रंगीत स्लाइड काढायच्या आणि पूजेच्या दिवशी तिन्हीसांजेला भिंतीवर चादर ताणून त्या प्रोजेक्टरवर दाखवायच्या. जोडीला टेपवर सिनेमाची गाणी. हार घालताना एक, पाठवणीला दुसरं. पाठवणीच्या गाण्याला वरमायासुद्धा रडायच्या, मग धंदा का नाही चालणार?

त्यात मिठाचा खडा टाकला कारभारीनं. हा कोर्टात एका वकिलाकडे कारकून. दुकानात चहा पिता पिता म्हणाला, “रंगनाथशेठ, ही गाणी कंपनीच्या मालकीची. घरात ऐकलीत तर ठीक. गिऱ्हाइकासाठी वाजवायची तर कंपनीची लेखी परवानगी लागते. कॉपीराइट म्हणतात त्याला.”

“आणि नसली तर?”

“माणूस येतो, ऐकतो, मशीन उचलून नेतो.”

यात कायदा किती आणि फुकटच्या चहाची परतफेड किती, ते कारभारीलाच ठाऊक. रंगनाथची मात्र झोप उडाली. टेरिकॉटचा शर्ट आणि चामडी बॅग दिसली की तो कंपनीचा माणूस. पोस्टमन ओळखीचा म्हणून वाचला.

मग त्यानं स्वतःच्या अकलेनं तोड काढली. देवळालीगावच्या सुलाबाई लग्नघरी हळदीची गाणी म्हणायच्या. गाणी त्यांची स्वतःची, रचलेली. ना रेकॉर्ड, ना कंपनी. एकलहऱ्याच्या पावर हाऊस कॉलनीतल्या एका हळदीला रंगनाथनं कॅमेऱ्याच्या बॅगेत टेप चालू ठेवला आणि सुलाबाईंचं गाणं गुपचूप भरून आणलं. बाईंना विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. ज्याला सगळं जग चोर दिसतं, त्याला आरशात बघायला सवड कुठून मिळणार?

पुढचं लग्न यशोदाबाईंच्या देवरामचं. सून सिंधू, नामपूरची. पूजा आटोपली, दिवे मालवले, चादरीवर सिंधूचा हळदीनं माखलेला चेहरा आला. आणि टेपवर सुलाबाई गायला लागल्या:

“हळद लागली गोरीला, गोरी लाजून लाल,
मल्हारीच्या नावाची गं, मनी चढली काल.”

आता हे हळदीचं गाणं. ज्याचं लग्न त्याचं नाव त्यात गुंफायचं, ही रीतच. रंगनाथनं ती टेप दहादा ऐकली असेल, पण कान टाळ्यांकडे, कुठल्या टाळीला स्लाइड बदलायची तिकडे. शब्दांशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

यशोदाबाईंचं होतं. त्या म्हणाल्या, “दिवा लावा. हा मल्हारी कोण?”

एक आत्या दुसरीच्या कानाला लागली.

“फोटोवाले, हे गाणं कुठलं?”

रंगनाथ तोंड उघडणार, तोच त्याला दाराशी बसलेला एक माणूस दिसला. टेरिकॉटचा शर्ट, मांडीवर चामडी बॅग. हाच कंपनीचा माणूस, या धसक्यानं गाणं कंपनीचं नाही हेही रंगनाथ विसरला. आणि तो जे बोलला ते असं: “माझं नाही. मुलीकडच्यांनी दिलेली कॅसेट आहे.”

बॅगवाला देवरामचा सातपूरचा मावसा होता. बॅगेत पूजेचा नारळ आणि प्रसाद.

सिंधू सासूला एवढंच म्हणाली, “आत्याबाई, मला कुणी मल्हारी ठाऊक नाही.” पण माहेरच्यांनीच कॅसेट दिली म्हटल्यावर कोण ऐकतं? सकाळी तिची पेटी दाराशी आली. वडलांना बोलवायला नामपूरला माणूस गेला. देवराम मान खाली घालून नखं खात बसला.

ही बातमी रंगनाथला मीच पोचवली, चांगली तिखटमीठ लावून. त्यानं दुकान उघडंच टाकलं. कुलूप न लावता बाहेर पडलेला रंगनाथ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सुलाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझा आवाज नेला तू?”

“मावशी, गाणं काय, हवेतच असतं...”

“हवेतलं व्हतं तर हवेलाच विचारायचं, माझ्या दारी कशाला आला?”

रंगनाथ ओसरीच्या पायरीवर टेकला.

“ती पोर काय करते?”

“पेटीवर बसलीय.”

बाईंनी सूप बाजूला सारलं. “चल. तुझ्यासाठी नाय येत.”

यशोदाबाईंच्या घरी टेप पुन्हा लावली. सुलाबाई म्हणाल्या, “हा मल्हारी पावर हाऊसमधला. त्याच्या हळदीचं गाणं हे, मी म्हटलेलं.”

“कशावरून?” यशोदाबाई म्हणाल्या. “फोटोवाल्यानं शिकवून आणलं असेल तुम्हाला.”

“लेकाचं नाव काय तुमच्या?”

“देवराम.”

सुलाबाईंनी तिथंच, उभ्या उभ्या, तेच गाणं उचललं. मल्हारीच्या जागी देवराम. तोच जाडसर आवाज, ओळीच्या शेवटी तोच हेलकावा. दुसऱ्या कडव्यात यशोदाबाईंचंसुद्धा नाव घातलं. आपलं नाव गाण्यात आल्यावर कोणती सासू रागावून राहील? यशोदाबाईंनी स्वतः पेटी उचलून आत नेली. रंगनाथकडे वळून मात्र म्हणाल्या, “आणि तुम्ही म्हणालात मुलीकडच्यांनी दिली.”

कॅसेट सुलाबाईंनी काढून कमरेला खोचली. “गाणं पाहिजे तर घरी यायचं. नवरानवरीची नावं सांगायची. मी म्हणेन ते समोर बसून भरायचं.”

सिंधू चहा घेऊन आली. एक कप सुलाबाईंना, एक सासूला. रंगनाथसाठी नव्हताच. तो चाचरत म्हणाला, “वहिनी, खेळ अर्धा राहिला. पुन्हा दाखवू का?”

“दाखवा,” सिंधू म्हणाली. “पण गाणं आधी मला एकटीला ऐकवा. मी हो म्हटलं, तर चारचौघांत लावा.”

तेव्हापासून रंगनाथ सुलाबाईंकडे विचारायला जायचा, आणि खेळाच्या आधी आतल्या खोलीत नवरीला टेप ऐकवायचा. एखादी नवरी नको म्हणायची. मग त्या संध्याकाळी चादरीवरचे फोटो मुकाट्यानं सरकत, आणि लोक गाण्यावाचूनही रडत.