बशीतले छर्रे

परवा कारखान्यातल्या एका सोबत्याने बंदुकीने मारलेल्या रानटर्कीचं मांस दिलं. शिजवून पहिलाच घास घेतला आणि दाताखाली छर्रा कचकन लागला. तशी इथली, कॅनडातल्या ग्वेल्फ गावातली पहिली थंडी आठवली.

आठवीतच शाळा सोडलेला मी, वसईहून येऊन एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. एका रविवारी त्यांनी मला वर जेवायला बोलावलं. या देशात कुणाच्या घरी जेवायची ती पहिलीच वेळ. म्हाताऱ्याने स्वतः मारलेली टर्की होती. दुसऱ्या घासाला छर्रा लागला. आमच्याकडे पाहुण्याने भातातला खडा दाखवायचा नसतो, मुकाट गिळायचा. मी गिळला. पुढचे दोन गालात धरून बसलो. यांना वाईट वाटलं तर पुन्हा बोलावणार नाहीत, हीच धास्ती.

"गप्प का रे? आवडलं नाही?" म्हातारीने विचारलं. मी ओठ मिटूनच हसलो.

तेवढ्यात म्हाताऱ्याने आपल्या तोंडातला छर्रा टेबलावरच्या बशीत टाकला. ठण्ण! बशी त्यासाठीच ठेवली होती.

"माझा एक झाला. तुझे?"

मी गालातले दोन टाकले. "एक गिळला," कसंबसं म्हणालो.

"मग जिंकलास की!" दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. त्यानंतर दर रविवारी माझं ताट वर असे.

आता ती दोघं नाहीत. बशी त्यांच्या लेकीने मला दिली. परवा तीच टेबलावर मध्ये ठेवली, छर्रा टाकला. ठण्ण वाजलं. मग उगीचच थांबलो, समोरून कुणाचा पडतो का ऐकत.