खसबची टाकी

आमच्या कप्तानाने जन्मात जहाज चालवलेलं नाही. तो मस्कतच्या बौशर भागात राहतो, एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि चार मराठी माणसं एका जागी दिसली की त्यांचं नेतृत्व केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. गणपती असो, दिवाळी असो, वाळवंटात कोंबडी भाजणं असो, हा पुढे आणि त्याचा साडू मागे. एका जूनमध्ये, बायकामुलं सुट्टीला भारतात गेल्यावर, त्याच्या डोक्यात आरव्हीचं खूळ शिरलं.

आरव्ही म्हणजे चाकांवरची खोली. आत बाक, शेगडी, छतावर एसी आणि कोपऱ्यात संडास. नॉर्वेच्या बर्फातून अशी गाडी घेऊन फिरणाऱ्या गोऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ हा रात्री जागून बघायचा. नॉर्वेला जाणं जमणारं नव्हतं, म्हणून त्याने ओमानचं उत्तर टोक निवडलं. मुसंदम, आणि त्यातलं खसब गाव. "आपला नॉर्वेच आहे तो," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. समुद्रात घुसलेले डोंगर दोन्हीकडे आहेत, हे खरं. पण जूनमध्ये त्या डोंगरांत बकरीसुद्धा सावली सोडून हलत नाही, हे त्याच्या व्हिडिओत नव्हतं.

गाडी बरक्याच्या एका अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, शेतातून भाड्याने आणली. खजुरांखाली ती इतकी वर्षं उभी होती की चिमण्यांनी तिला झाड समजून घरटं केलं होतं. अर्बाबाने किल्ली देताना आमच्याकडे एकदा आणि आकाशाकडे एकदा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लगेच ओळखू आलं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

मग मी का गेलो? दादांसाठी. सहल म्हणे दादांच्या निरोपाची होती.

दादा अकोल्याकडचे. रुवीतल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि सगळी नोकरी त्यांनी त्याच खुर्चीत, आधी बोर्डावर आणि मग कॉम्प्युटरवर रेषा मारत काढली. राहायला हमरियात एक खोली. कुटुंबाला इथे आणता येईल एवढा पगार त्यांना कधीच मिळाला नाही, त्यामुळे वहिनी गावाकडे राहिल्या आणि दादा वर्षातून एकदा, पाहुण्यासारखे, त्यांच्याकडे जाऊन आले. तिकडे तुम्ही नेमकं करता काय, असं वहिनी विचारायच्या. तरुणपणी दादांनी खसबच्या पाण्याच्या टाकीची ड्रॉइंग्ज काढली होती. उंच, गोल टाकी, बाहेरून फिरत वर जाणारा जिना. दर सुट्टीत दादा वहिनींना त्या टाकीची गोष्ट सांगत. पण साइटवर इंजिनिअर जात, ड्राफ्ट्समनला कोण नेतं? दादांनी ती टाकी कधी पाहिलीच नव्हती. आता नोकरी संपली होती, परतीचं तिकीट निघालं होतं, आणि त्यांना जाण्याआधी ती टाकी एकदा डोळ्यांनी बघायची होती. एवढंच. वहिनींना तसं कबूलही केलं होतं त्यांनी, फोटो आणतो म्हणून.

यात अडचण एकच होती, आणि ती दादांनी पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगितली होती. खसब ओमानमध्ये आहे, पण रस्त्याने तिथे जायचं तर मध्ये अमिरात लागतं. म्हणजे देशातून बाहेर पडायचं आणि पुन्हा आत शिरायचं. दादांच्या कंपनीने त्यांचा व्हिसा रद्द करायला दिला होता. रद्द झाला की बाहेर पडता येतं, परत येता येत नाही. शिनासहून खसबला बोट जाते, ती ओमानच्याच पाण्यातून. दादा म्हणाले, "आपण बोटीनं जाऊ ना बापा. गाडी बी चढते बोटीत."

"दादा, तुम्ही उगाच टेन्शन घेता," कप्तान म्हणाला. "ओमानमधून ओमानमध्येच तर चाललोय. माझ्या ओळखीचा मंदूब आहे, त्याला विचारलंय. सगळं सेट आहे, इन्शाल्ला."

मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस. कप्तानाच्या ओळखीचा मंदूब दुसऱ्याच कंपनीत होता, आणि त्याचं इन्शाल्ला कप्तानाने सहीशिक्क्यासारखं खिशात घातलं होतं. आरव्ही बोटीत चढवली तर रस्त्याची मजा काय राहिली, हे त्याचं खरं दुखणं. व्हिडिओतली गोरी माणसं बोटीत नसतात ना.

ईदच्या सुट्टीत आम्ही निघालो. साडू चालवत होता, कप्तान शेजारी टोपी घालून बसला होता, मी आणि दादा मागे बाकावर. सोहारच्या अलीकडेच छतावरच्या एसीने मान टाकली. कप्तान म्हणाला, खिडक्या उघडा, निसर्ग आत येऊ द्या. निसर्ग आला. भट्टीचं दार उघडल्यावर जो येतो तो. शेगडीवर पोहे करायचा बेत होता, पण त्या उकाड्यात काडी ओढायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून भिजवलेले पोहे तसेच फुगत राहिले.

आणि संडास. ज्याच्यासाठी हे धूड घेतलं, तो संडास वापरायचा नाही, असा कप्तानाने निघतानाच नियम केला. का, तर नंतर साफ कोण करणार? चौघेही चांगल्या घरातले. त्यामुळे आम्ही संडास बरोबर घेऊन दर पेट्रोल पंपावर संडासासाठी थांबत होतो. मागचा ट्रकवाला आमच्याकडे बघून हसला तेव्हा मला त्याचा मुळीच राग आला नाही.

वाटेत कप्तानाने पिशवीतून शाल आणि नारळ काढून दाखवला. टाकीसमोर दादांचा सत्कार, फोटो, आणि फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर. पंचेचाळीस डिग्रीत शाल! दादा बौद्ध आहेत, नारळ-बिरळ ते मानत नाहीत, त्यांच्याकडे सत्काराला फूल देतात किंवा पुस्तक. इतक्या वर्षांच्या ओळखीत कप्तानाला हे कळलं नव्हतं. दादा फक्त म्हणाले, "नारळ कायले आणला?" कप्तान म्हणाला, "दादा, तुमचा मान आहे तो."

शिनासच्या बंदराची पाटी दिसली तेव्हा दादा बाकावरून उठून पुढे गेले. त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"मले इथं उतरवून दे. बोटीत एक जागा भेटते का पाहतो. तुम्ही रस्त्यानं या, खसबले भेटू."

"वळव," मी साडूला म्हणालो.

साडूने कप्तानाकडे पाहिलं. स्वतःच्या जांभईलाही तो कप्तानाची परवानगी घेत असेल.

"अरे, सत्कारमूर्तीच बोटीने गेला तर ट्रिप कसली?" कप्तान म्हणाला. "आणि आता वळलो तर बॉर्डरला लाइन लागेल. यल्ला, चल चल."

"एका माणसाला उतरवायला किती वेळ लागतो?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "त्यांचा व्हिसा आहे, तुझा नाही."

"मंदूबने सांगितलंय म्हटलं ना."

पाटी मागे गेली. "राहू दे," दादा मला म्हणाले आणि पुन्हा बाकावर येऊन बसले. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण दुसऱ्याच्या शेळ्या इतक्या बिनघोर हाकणारा हा एकच.

सीमेवर खिडकीत एक तरुण ओमानी अधिकारी होता. आमची तीन रेसिडेंट कार्डं त्याने भराभर परत केली. दादांचं कार्ड हातात ठेवून तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने दादांकडे पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, "चाचा, वीजा कॅन्सल में है. बाहर गया तो खलास. वापस नहीं आएगा. जाना है?"

कप्तान पुढे सरसावला. मंदूबचं नाव सांगू लागला, आपण प्रोजेक्ट मॅनेजर आहोत हेही सांगू लागला. अधिकाऱ्याने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा दादांनाच विचारलं, "चाचा?"

"नाही," दादा म्हणाले. "वापस जायेगा." त्यांनी कार्ड घेतलं, खिशात ठेवलं आणि खिशावरून दोनदा हात फिरवला.

आता तरी हा माणूस वरमेल, गाडी वळवेल, असं मला वाटलं होतं. माझंच चुकलं. कप्तानाने घड्याळ पाहिलं, डोंगर पाहिले आणि पिशवी काढली. "दादा, सत्कार इथेच उरकून घेऊ. मागे डोंगर तर सेमच आहेत."

आणि त्याने तो उरकला. सीमेच्या पार्किंगमध्ये, डांबर चपलेला चिकटत असताना, त्याने दादांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि चार वाक्यं बोलला. साडूने फोटो काढले. दादा हसत होते, कारण हसा म्हणून सांगितलं होतं. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली की मी पाठ फिरवून उभा राहिलो. फोटोत मी नाही तो त्यामुळे.

मग ते दोघं निघून गेले. खरंच गेले. गाडी भाड्याची, सुट्टी वाया जाईल, तुम्ही दोघं टॅक्सी करा, असं म्हणून गेले.

टॅक्सीने आम्ही शिनासच्या बंदरावर गेलो. बोट सुटली होती, पुढची बोट होती ती दादांच्या विमानानंतर. खिडकीतला माणूस मल्याळी होता. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "थोडा पहले आता तो मिलता. दो सीट खाली गया." दादांनी त्याचे आभार मानले. शाल अजून त्यांच्या हातावर घडी करून होती.

दुसऱ्या दिवशी, आम्ही मस्कतला परतल्यावर, कप्तानाकडून एक फोटो आला. 'दादा, तुमची टाकी!' दादांनी तो मोठा करून नीट पाहिला. चौकोनी टाकी होती, कुठल्या तरी हॉटेलामागची असावी, तिला जिना नव्हताच. मी शिवी दिली आणि कप्तानाला फोन लावणार होतो. दादांनी माझ्या फोनवर हात ठेवला आणि आपल्या फोनवर लिहिलं, 'हीच. धन्यवाद.' दोनच दिवसांनी ते भारतात परतले. विमानतळावर कप्तान आला नाही, त्याला मीटिंग होती.

त्या हिवाळ्यात मी एकटा बोटीने खसबला गेलो. टाकी सापडायला वेळ लागला नाही. गोल, उंच, बाहेरून फिरत जाणारा जिना, सगळं दादा सांगायचे तसं. मी चारी बाजूंनी फोटो काढले, पण फोनवर पाठवले नाहीत. स्वतःच्या हाताने दाखवावेत असं वाटलं.

पुढच्या सुट्टीत मी अकोल्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो. "जय भीम, ये बापा," म्हणत दादांनी मला आत नेलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक मोठी फ्रेम होती. फ्रेममध्ये शाल पांघरलेले, नारळ धरलेले, हसणारे दादा होते, आणि त्यांच्या मागे, सीमेवरच्या डोंगरांच्या जागी, ती चौकोनी टाकी. कप्तानाने फोनवर दोन फोटो जोडले होते, मोठी प्रिंट काढली होती आणि पोस्टाने पाठवली होती. खाली सोनेरी अक्षरांत होतं: खसब येथे सत्कार. जोड इतकी भिकार होती की नारळाच्या कडेला पार्किंगची पिवळी रेघ तशीच राहिली होती.

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"राहू दे," दादा हळूच म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी फ्रेमकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि कप माझ्या हातात देऊन त्या फ्रेमजवळ गेल्या. पदराने त्यांनी काच पुसली, टाकीवरची आधी.

"भाऊ, तुम्ही बी होते ना यांच्यासोबत?" त्यांनी विचारलं. "एवढी मोठी टाकी. पाणी होतं का तिच्यात?"

दादा माझ्याकडे बघत नव्हते.

"होतं, वहिनी," मी म्हणालो. "सगळं गाव पितं."