जितेशच्या नावाचा नारळ

आमच्या गिरिजावहिनीला खाडीकाठी मनःशांती मिळाली, असं बिल्डिंगमधल्या बायका कौतुकाने सांगतात. शांती कसली, डोंबलाची! ती तिथे जितेशला शाप द्यायला जात होती. मी तिची नणंद, एकाच घरात राहते. मला विचारा.

भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या आवारात माझ्या दादाने लावलेलं जांभळाचं झाड होतं. दादा गेल्यावर वहिनी रोज संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायची. आम्ही दोघी एका लग्नाला रत्नागिरीला गेलो, तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी जितेश याने झाड मुळासकट काढलं आणि तिथे स्वतःची गाडी लावली. वर दात काढून म्हणतो, "काकी, कचरा किती व्हायचा!" मेल्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं मला. वहिनीची तर झोप उडाली ती उडालीच. गोळ्या घेऊनही टक्क जागी असायची.

एका दुपारी तिने लाल कपड्यात नारळ बांधला. आम्हा कोकणातल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाण्यापाशी उभं राहायचं, माणसाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं, त्याचं वाटोळं मागायचं आणि नारळ ओहोटीला सोडून द्यायचा. वहिनीच्या आईची एकच ताकीद होती. गाऱ्हाणं घालताना आवाज कापता कामा नये, नाहीतर ते आपल्यावरच उलटतं.

आम्ही मुर्ध्याच्या खाडीवर गेलो. पाणी उतरायला लागलं. वहिनी उभी राहिली, "जितेश" म्हणाली आणि रागाने लटलट कापायला लागली.

"आज नको, संजना," ती म्हणाली. "आधी शांत व्हायला हवं."

मग रोज तेच. बांधावर सावली बघून बसायचं. सुरुवातीला ती नुसती दातओठ खायची. मी मोबाइल काढला की डाफरायची, "ठेव तो! श्वास मोजताना चुकते मी." हळूहळू ती चिखलातले खेकडे बघायला लागली. खारफुटीत बगळे उतरायचे, वारा सुटायचा, आणि पाणी कधी गेलं ते दोघींनाही कळायचं नाही. घरी येऊन ती पोटभर जेवायची आणि घोरायची. अहो, चक्क घोरायची! मला तर भीती वाटायला लागली, ही बया त्याला माफ करतेय की काय. मी नव्हतं केलेलं.

नारळाची बातमी बिल्डिंगभर झाली. बायकांना तो पूजेचा वाटला, पण जितेश रायगडचा, त्याला काय ते बरोबर कळलं. एक दिवस स्कूटर घेऊन तो थेट बांधावर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बरं वाटलं बघून.

"काकी, तो नारळ कोणाच्या नावाचा?"

"तुझ्या."

आवाज जराही कापला नाही. पाणीही उतरत होतं. मी मनात म्हटलं, घाल आता गाऱ्हाणं!

जितेश रडकुंडीला आला. "चुकलो, काकी. दुसरं झाड लावतो. नाहीतर घालायचंय ते घालून टाका एकदाचं! झोप नाही मला. साधी शिंक आली तरी वाटतं, घातलं."

वहिनीने नारळाची गाठ आणखी घट्ट केली आणि तो पिशवीत ठेवला.

"जांभूळ लाव. त्याला फळ धरेपर्यंत हा माझ्याकडे राहील."

"पण त्याला कितीतरी वर्षं लागतील!"

"मला कुठे घाई आहे?" वहिनी म्हणाली आणि पुन्हा खेकडे बघायला लागली.