लाल गाडीचे दिवे

आमच्या ह्यांचे डोळे जात होते आणि हे गाडीचे दिवे बदलत होते. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. माझ्याच दारात ती खरी होईल, असं काही वाटलं नव्हतं.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. दोनच दारं, दोनच माणसांची जागा, वर कापडाचा टप, रंग लालभडक. विलायतेतल्या हौशी लोकांनी कधीकाळी रस्त्यावर उधळायला केलेली. हैदराबादच्या कुण्या बंगल्यात ती धूळ खात पडली होती. ह्यांनी ती ट्रकवर घालून जालन्याला आणली. एमआयडीसीत ह्यांचं लेथचं वर्कशॉप आहे आणि हात सोन्याचा. जे पार्ट कुठं मिळत नव्हते ते स्वतः घडवून ह्यांनी गाडी चालू केली. मी म्हणायचे, सवतच आणली की हो माझ्या उरावर! हे हसायचे.

सुरुवातीला तिचे दिवे खरंच मंद होते, खोटं कशाला बोलू. मस्तगडकडचा एक वायरिंगचा मिस्त्री ह्यांचा जुना दोस्त. रविवारी दोघं अंगणात गाडी उघडून बसायचे आणि माझा चहा आटत राहायचा. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट म्हणे स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून जातो आणि निम्मा वाटेतच मरतो. मिस्त्रीनं रिले बसवून बॅटरीपासून सरळ जाड वायर ओढली. दिवे चांगलेच उजळले. हे म्हणाले, कमी आहे. मग डायनामो काढून जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसला. मग हॅलोजन आले. ते जाऊन एलईडी आले. दर वेळी तिन्हीसांजेला कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं फुल्या काढायच्या आणि त्यावर उजेडाचा झोत जुळवायचा. शेवटच्या वेळी तर भिंत अशी लखलखली की शेजारची म्हातारी बाहेर येऊन विचारती झाली, "काय गं, लगीन हाय का तुमच्यात?"

हे भिंतीकडं पाहत म्हणाले, "आजून जरा पिवळंच वाटून राह्यलंय."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "भाभी, अब इससे जादा लगाया तो सामनेवाला अंधा हो जाएंगा."

मला आधीपासून शंका होतीच. दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेच ठरलेली. तांब्या समोर असायचा आणि हात भलतीकडंच जायचा. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या अंगावर जाऊन आदळायचे आणि वर त्यांनाच म्हणायचे, बघून चला की! दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ विषय काढला. "मिस्त्री गाडीला न्हाई, तुम्हाला पाह्यजे. डोळ्याच्या डॉक्टरकडं चला."

हे असे भडकले! माझ्या हातातली सुई हिसकली, खिडकीच्या उन्हात धरली, पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि माझ्या पुढ्यात टाकली. "आंधळा म्हणतीस मला?"

पुढं काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. पण ह्यांना भीती कशाची होती ते मला कळत होतं. डोळे गेले म्हणजे लेथ गेला, गाडी गेली, चार लोकांतली वट गेली. ते एकदा तोंडानं कबूल केलं की खरं होणार, म्हणून हा माणूस कबूलच करत नव्हता. मलाही कीव यायची आणि त्याच वेळी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

मग एक दिवस जाफराबादला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. दिवस असतानाच निघू, असं मी दहादा बजावलेलं. पण जेवणाच्या पंगती लांबल्या, त्यात अख्खी गल्ली गाडीपुढं उभी राहून फोटो काढायला लागली आणि हे फुशारले. निघेपर्यंत सूर्य बुडायला आला. मी म्हणाले, मुक्काम करू. ऐकतील तर शपथ!

मग मी नेहमीसारखी शेजारी बसून रस्ता बोलायला लागले. खड्डा. मोटरसायकल. बैलगाडी, डावीकडून. हे चिडायचे, "मला दिसत न्हाई का?" पण माझा शब्द आला की पाय ब्रेकवर जायचा. असंच चाललं होतं आमचं बरेच दिवस.

अंधार नुकता पडायला लागला होता. समोर लांबवर ट्रक येत होता, ह्यांची नजर त्याच्यावरच. डाव्या कडेला एक मेंढपाळ होता, मागं मेंढ्यांचा कळप. आमच्याकडं मेंढरं रस्ता ओलांडायची झाली की मेंढपाळ पुढं होतो, एक हात वर करतो, काठी आडवी धरतो. गाड्या थांबतात. एसटी असो नाहीतर जीप, सगळे थांबतात, कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. हाही तसाच हात वर करून रस्त्यात आला, आमच्या दिव्यांत त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीची किनारसुद्धा मला दिसली. एवढ्या लख्ख उभ्या माणसाबद्दल सांगायचं काय असतं? पण गाडी काही हळू होईना. मी ओरडले तेव्हा फार जवळ आलो होतो.

गाडी थांबली. हे उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढं गेले आणि त्या दिव्यांच्या झोतात उभं राहून मला विचारलं, "काय लागलं गं? दगड होता का?"

तो ह्यांच्या पायाशी पडला होता.

लोकांनी त्याला जीपमध्ये घालून जालन्याला आणलं. पाय मांडीपासून काढावा लागला. त्याच आठवड्यात मी ह्यांना ओढत डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हे नळीतून पाहिल्यासारखं पाहतात. मधलं तेवढं दिसतं, कडेचं नाही, आणि अंधारात तर फारच थोडं. इलाज नाही. तरी हे पोलिसांना, पाहुण्यांना, मिस्त्रीला एकच सांगत राहिले, "तो एकदम मधी आला." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचा पाय गेला आणि वर चूकही त्याचीच! शेवटी मी म्हणाले, "चला, हे त्याच्या तोंडावर म्हणून दाखवा."

दवाखान्यात त्याची बायको उशाशी बसली होती. आम्हाला पाहून ती उठली आणि स्टूल पुढं सरकवलं. हे बसले नाहीत. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलायला लागला.

"मालक, म्या लांबूनच पाह्यलं. असा उजेड या रोडावर कधी पाह्यला न्हाई. साधी गाडी असती तर म्या कडंलाच थांबलो असतो, ती जाऊस्तोवर. म्हणलं, येवढ्या उजेडात आपून दिसनार न्हाई, असं व्हईलच कसं? म्हून मधी सरकलो. दिसलो न्हाई का तुमाला?"

मला वाटलं, आता म्हणतील, एकदम मधी आलास.

"न्हाई," हे म्हणाले. "मला दिसत न्हाई. लई दिवसांपासून दिसत न्हाई."

ज्या एका वाक्यासाठी मी घसा फोडला, भांडले, उपास धरले, ते ह्यांनी एका परक्या माणसाला सांगितलं, तेही त्याचा पाय गेल्यावर. मला रडू आलं नाही. ह्यांना तिथंच सोडून निघून जावं, असं वाटलं.

तो मेंढपाळ ह्यांच्याकडं पाहत राहिला. चिडला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग येवढा उजेड कोनासाठी लावला, मालक?"